बेसबॉलपटू लू व्हिटेकरला हॉल ऑफ फेमबाहेर ठेवणं अन्यायच आहे
वर कुणीतरी लिहिलंय की व्हिटेकर चांगला होता पण कधी एमव्हीपी (मोसमातला सर्वात मौल्यवान खेळाडू) झाला नाही म्हणून हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा, नाही, हे मला अजिबात पटत नाही. अहो 19 सीझन एकाच संघाकडून, डेट्रॉइट टायगर्सकडून, 2369 हिट्स, 244 होमरन, तेही सेकंड बेसवर, म्हणजे मुळात फिल्डिंगसाठी महत्त्वाच्या जागेवर खेळून, आणि 2001 ला हॉलसाठीच्या पहिल्याच मतदानात 3 टक्केसुद्धा मतं नाहीत, 5 टक्क्यांच्या खाली गेलं की नाव यादीतूनच जातं, झालं. नंतर 2019 ला जुन्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या कमिटीसमोर नाव आलं तेव्हा 16 पैकी 6 मतं, लागतात 12.

टायगर्समधला त्याचा जोडीदार ॲलन ट्रॅमेल आणि तो 1977 मध्ये एकाच मॅचमध्ये पहिल्यांदा उतरले, 1900 च्या वर मॅचेस जोडीने खेळले. ट्रॅमेल 2018 ला आत गेला, हा अजून बाहेरच.

माझ्याकडे दोघांची टॉप्स या कार्ड कंपनीची 1978 ची रूकी (नवख्या खेळाडूंची) कार्डं आहेत, एकेका कार्डावर चार चार खेळाडूंचे छोटे चेहरे. 707 नंबरवर ट्रॅमेल आणि पॉल मॉलिटर हा आणखी एक खेळाडू, दोघंही हॉलमध्ये. 704 वर व्हिटेकर, एक कोपरा जरा दबलाय. अल्बममध्ये शेजारी शेजारीच ठेवलीत, 704 साठी चांगली ऑफर आली होती पण नाही दिलं.