मदत हवी आहे: १९७०च्या दशकातलं गाडीचं डिजिटल घड्याळ सेल्फ मारला की वेळ विसरतं

नॅशनल सेमीकंडक्टरचं एमए१००३ मॉड्यूल, १२ व्होल्टवर चालणारं. हिरवे चार आकडे, घड्याळाचा ठोका देणारा क्रिस्टल २.०९७१५२ मेगाहर्ट्‌झ. टेबलावर सप्लाय लावला की बंद पडत नाही, फक्त रोज १२ सेकंद मागे पडतं. गाडीत मात्र सेल्फ मारला की वेळ जाते. बॅटरीच्या वायरीवर मल्टिमीटर तेव्हा ९ व्होल्टच्या खाली जात नाही. क्रिस्टल बदलू का?

प्रतिसाद १
क्रिस्टलला हात लावू नका, दुखणी दोन आहेत: वेळ जाणं वेगळं, मागे पडणं वेगळं. आधी पहिलं. मोटर जागची हलते त्या क्षणी व्होल्टेज काही मिलिसेकंद खोल बुडतं, ते मल्टिमीटरला पकडता येत नाही. बॅटरीच्या वायरीत फ्यूजनंतर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका आणि डायोडनंतर अर्थला १००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर. डायोड नसेल तर कपॅसिटरमधला चार्ज उलटा स्टार्टरकडे पळेल. घड्याळ ५ मिलिअँपिअर घेत असेल तर ३ व्होल्ट उतरायला ०.६ सेकंद लागतात, तेवढं पुरतं. पण आकडे पेटलेले राहिले तर पुरणार नाही. म्हणून आकडे पेटवणारी इग्निशनची वायर कॉइलवरून घेऊ नका, सेल्फ मारताना बंद होणाऱ्या ॲक्सेसरी लाइनवरून घ्या.

बोर्डावरचे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला. बुडाशी तपकिरी खपली दिसली तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खालचा ट्रॅक खाल्लेला असू शकतो.

प्रतिसाद २
१२ सेकंद भागिले ८६४००, म्हणजे दशलक्षात १३९ भाग. क्रिस्टल सुमारे २९० हर्ट्‌झ हळू चालतोय. शेजारी ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा कपॅसिटर) असेल तर त्याच्या मूळ जागेची खूण करा, मग आठ-दहा वेळा पूर्ण फिरवून गंज मोडा आणि खुणेवर परत आणा. घड्याळ मागे पडतंय, तेव्हा कपॅसिटन्स कमी करायचा. प्लास्टिकचाच पेचकस वापरा. क्रिस्टलच्या पायावर प्रोब लावू नका, प्रोबचेच १०-१५ पिकोफॅरड वेग बदलतात. एका वेळी केसभर फिरवा, २४ तासांनी मोबाइलशी ताडून पाहा.

धागाकर्ता
डायोड-कपॅसिटर लावला, वेळ टिकते. आकडे दिवसा फिके का?

प्रतिसाद १
पार्किंग लाइटची वायर सोडवून पाहा. तिच्यावर १२ व्होल्ट आले की आकडे मंद होतात, आणि लाइटचा अर्थ खराब असला तर दिवसाही तिथे व्होल्टेज उरतं. तरीही फिके राहिले तर काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला असेल तर डिस्प्लेच्या निर्वात ट्यूबमध्ये हवा शिरलीय, डिस्प्ले बदलावा लागेल.