प्रतिसाद: खाड्यांबरोबर नाथसागराचंही बघा
किनाऱ्यावरच्या खाड्या राखल्या की पाहुणी बदकं वाचली, हे मूळ लेखातलं म्हणणं आम्हा मराठवाड्यातल्यांना अर्धंच पटतं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला (म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती आली), छानच. पण हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) आमच्या जायकवाडी धरणावरही, म्हणजे नाथसागर जलाशयावर, उतरतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकंसुद्धा. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, रामसर यादीत मात्र नाही.

खरी गोम पाण्याच्या पातळीत आहे. धरण ओसरतं तसा उथळ, चिखलाचा काठ उघडा पडतो, तिथंच ही मंडळी चरतात. आणि त्याच ओलीवर गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणी, होते. शेतकऱ्याला हुसकावून भागणार नाही (दुष्काळात तेवढाच आधार असतो). पण काठाची एखादी पट्टी मार्चपर्यंत बिनपेरलेली ठेवायची आणि भरपाई द्यायची, यावर बोला की!