टेल्युराइट स्फटिकाची उष्माधारकता ५० ते ३०० मिलिकेल्विनला: जोडणी नागपुरात, मोजणी बाहेर

फुटाळा_फिजिक्स
नमस्कार. टेल्युरियम डायऑक्साइडच्या (टेल्युराइट) २० ग्रॅमच्या स्फटिकाची उष्माधारकता रिलॅक्सेशन पद्धतीने, म्हणजे थोडं तापवून तो किती वेळात निवतो त्यावरून, मोजायची तयारी करून राहिलोय. मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारा डायल्यूशन फ्रिज दुसऱ्या शहरात आहे, जोडणी मात्र इथूनच करून न्यायची आहे. डिबाय तापमान (स्फटिकाच्या उष्माधारकतेच्या सूत्रातला स्थिरांक) २३२ केल्विन धरून १०० मिलिकेल्विनला साधारण २० नॅनोजूल प्रति केल्विन येतात. आता अडलंय ते असं: उष्णता बाहेर नेणारी तार कोणती आणि किती लांब घ्यायची, हीटरला पॉवर किती द्यायची, आणि थर्मामीटर, गोंद, तारा यांचा वाटा वजा कसा करायचा?

मिलिकेल्विन
आधी तो २० चा आकडा दुरुस्त करा. डिबायच्या सूत्रातला १९४४ हा गुणक एक मोल *अणूं*साठी आहे. तुम्ही सूत्ररेणूंचे मोल घातलेले दिसतात. २० ग्रॅम म्हणजे ०.१२५ मोल टेल्युरियम डायऑक्साइड, पण अणू ०.३७६ मोल. त्यामुळे १०० मिलिकेल्विनला ५८ नॅनोजूल प्रति केल्विन, ५० ला ७.३ आणि ३०० ला जवळपास १.६ मायक्रोजूल. ताळा करायचा तर इटलीतल्या ग्रान सास्सो भूमिगत प्रयोगशाळेच्या क्युओर प्रयोगात डिटेक्टर म्हणून वापरलेला ७५० ग्रॅमचा टेल्युराइट स्फटिक घ्या. १० मिलिकेल्विनला त्याचे २.२ नॅनोजूल प्रति केल्विन येतात, म्हणजे एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पडली की ७० मायक्रोकेल्विनच्या आसपास वाढ. तीनने भागलेला आकडा धरला तर हीच वाढ तिप्पट दिसेल आणि डिटेक्टरचं सगळं गणित फसेल.

आता तार. १०० मिलिकेल्विनला टाऊ (निवण्याचा कालांक, उष्माधारकता भागिले तारेची उष्णतावाहकता) १० सेकंदांच्या आसपास हवा. स्फटिक आणि बाकीचं मिळून ७० नॅनोजूल धरले तर उष्णतावाहकता ७ नॅनोवॅट प्रति केल्विन लागेल. वीडेमान-फ्रांझ नियमाने (धातूच्या विद्युतरोधावरून उष्णतावाहकता देणारा नियम) ही म्हणजे ०.३५ ओहमची धातूची तार. २५ मायक्रॉनची सोन्याची तार थंडीत खोलीच्या तापमानाच्या विसावा हिस्सा रोध दाखवत असेल तर १५ सेंटिमीटर पुरेल. पण अंदाजावर राहू नका, रोध ४ केल्विनला मोजून घ्या, त्याखाली तो बदलत नाही. वाहकता तापमानाच्या प्रमाणात आणि उष्माधारकता घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ५० ला टाऊ दोन-तीन सेकंद असेल आणि ३०० ला मिनिटाच्या वर जाईल. वाचनाचा वेग त्याप्रमाणे ठेवा.

पॉवर: तापमान २ टक्के वाढू द्या, त्यापुढे नको. २ मिलिकेल्विनला १४ पिकोवॅट, म्हणजे १० किलोओहमच्या हीटरला ३७ नॅनोॲम्पिअर. १० टक्के वाढवलंत तर स्फटिकाची उष्माधारकताच ३३ टक्क्यांनी बदलते, मग उतरणारा आलेख एका घातांकी वक्रात बसत नाही. हीटरच्या तारा नायोबियम-टायटेनियमच्या घ्या, त्या थंडीत अतिवाहक म्हणजे रोधशून्य होतात. रोध असलेल्या तारा लावल्या तर त्यांच्यात तयार होणाऱ्या उष्णतेचा काही भाग स्फटिकात येतो आणि किती आला ते कळत नाही. थर्मामीटरला १ नॅनोॲम्पिअरच्या वर जाऊ नका. १० किलोओहमला तेवढ्यानेही १० फेम्टोवॅट पडतातच. रेडिओ लहरी शिरल्या आणि ५ पिकोवॅट आले तरी स्फटिक ०.७ मिलिकेल्विनने वर बसेल. सगळ्या तारा पिळलेल्या जोडीत, आणि आत शिरतानाच फिल्टर.

तांब्याची_तार
वजाबाकीचं मी सांगतो, कारण आकडे इथेच बिघडतात. १० मिलिग्रॅम तांबं १०० मिलिकेल्विनला ११ नॅनोजूल प्रति केल्विन घेतं. ५० ला ५.५ घेतं, आणि तिथे तुमचा अख्खा स्फटिक ७.३ वर आहे! धातूचा वाटा तापमानाच्या प्रमाणात घटतो आणि स्फटिकाचा घनाच्या, म्हणून जितकं थंड जाल तितका धातू वरचढ. गोंद आणि वार्निशसारख्या अस्फटिक पदार्थांचंही तेच. म्हणून स्फटिकावर तांब्याचा क्लॅम्प नको. टिन-लेडचं सोल्डर थंडीत अतिवाहक होतं, त्याचा इलेक्ट्रॉनी वाटा जवळपास नाहीसा होतो, ते थोडं चालेल.

रिकाम्या प्लॅटफॉर्मचं (स्फटिक नसलेल्या जोडणीचं) वाचन वजा करण्यापेक्षा एकाच सामानाने १० आणि ३० ग्रॅमचे दोन स्फटिक मोजा आणि फरक घ्या, गोंदाचा वाटा आपोआप जातो. गोंद मात्र दोन्ही वेळी सारखाच, मायक्रोबॅलन्सवर तोलून. मग उष्माधारकता भागिले तापमान हे तापमानाच्या वर्गासमोर काढा. उतार स्फटिकाचा. शून्याच्या वर छेद आला तर धातू किंवा गोंद उरलाय. अगदी खालच्या टोकाला आलेख उलटा वर वळला तर चुंबकीय अशुद्धी किंवा अणुकेंद्रांचा शॉट्की वाटा (त्यांच्या जवळजवळच्या ऊर्जापातळ्यांमुळे वाढणारी उष्माधारकता) शोधा.

ऑरेंजसिटी_क्रायो
इथे नागपुरात काय करून घेता येईल ते लिहितो. लिक्विड नायट्रोजन जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागतो, त्या पुरवठ्याकडे विचारून पाहा. जोडलेला स्फटिक थेट बुडवू नका. टेल्युराइट ठिसूळ आहे आणि वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळं आकसतं. अर्धा तास वाफेत ठेवा, मग हळूहळू खाली न्या. चार-पाच फेऱ्या करून प्रत्येक वेळी चारही तारांची सलगता तपासा. ७७ केल्विनला नायोबियम-टायटेनियमची तार अतिवाहक नसते, रोध दिसला म्हणून घाबरू नका.

थर्मामीटर अॅरल्डाइटच्या सलग थराने चिकटवू नका. क्युओरमध्ये सेन्सरखाली गोंदाचे नऊ सुटे ठिपके असतात, उंची ५० मायक्रॉनच्या आसपास. सलग थर आकसताना स्फटिकाचा कपचा काढतो. मे महिन्यात रॅपिड अॅरल्डाइट हातातच घट्ट होऊ लागतं. पहाटे किंवा एसी खोलीत काम करा, एका वेळी एकाच सेन्सरपुरतं मिसळा. स्फटिकाला टेफ्लॉनचे आधार देणार असाल तर ते थंडीत २ टक्क्यांच्या आसपास आकसतात आणि तांब्याची चौकट ०.३ टक्के, हे धरून बसवा. आधार सैल झाला की फ्रिजला थंड करणाऱ्या पल्स ट्यूब यंत्राच्या थरथरीने स्फटिक घासला जाऊन तापतो.

फुटाळा_फिजिक्स
चूक मान्य, तीनने गुणायचं राहिलं. एक विचारायचं राहिलं: उतरणाऱ्या आलेखाच्या सुरुवातीला झटकन खाली येणारा भाग दिसला तर?

मिलिकेल्विन
तो बहुधा सेन्सर आणि स्फटिक यांच्यातल्या कमकुवत जोडाचा. सेन्सर आणि हीटर स्फटिकाच्या वेगळ्या बाजूंना ठेवा म्हणजे ओळखता येतो. तो भाग सोडून पुढच्यावर वक्र बसवा. झटका एकूण उतारापैकी ५ टक्क्यांहून मोठा असेल तर तेवढं करून भागणार नाही, जोड पुन्हा करा. थर्मामीटरचं कॅलिब्रेशनही तपासा. तापमानात ३ टक्के चूक झाली तर केवळ घनामुळेच स्फटिकाच्या गुणकात ९ टक्के येते.