आजीचा हललेला फोटो

फोटोग्राफीचं वेड नेमकं कधी लागलं असं कुणी विचारलं, तर माझं घरातल्या आग्फा क्लिक थ्रीपासून. बाबांचा कॅमेरा, त्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल, एका रोलमधे फक्त १२ फोटो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी दहादा विचार व्हायचा. आठवीत असताना बाबांनी पहिल्यांदा हातात दिला आणि मी आजीचा फोटो काढला, ओसरीवर तांदूळ निवडताना, सूप मांडीवर, चष्मा नाकावर घसरलेला. जरा हललाय, पण आजी गेल्यावर घरात सगळ्यात जास्त तोच बघितला जातो, कारण बाकी सगळ्यात ती लग्नकार्यातली, ताठ उभी.. तेव्हापासून मी माणसं कामात असतानाच टिपतो.

एक मात्र कळकळीने सांगतो, ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले जुने अल्बम घरात असतील तर फोटो वेळेत काढून घ्या, त्या गोंदाने पिवळे पडतात आणि नंतर निघतच नाहीत. ओढू नका, दात साफ करायचा धागा मागून हळूच सरकवा. निगेटिव्ह, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या उलट्या रंगाच्या पट्ट्या, तर अजिबात टाकू नका, कागदावरच्या प्रिंटपेक्षा त्यांवरून केलेलं स्कॅन चांगलं येतं. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहाच, आमच्याकडे एका फोटोत आजीच्या शेजारी कोण बसलंय हे आता कुणालाच सांगता येत नाही.