मदत हवी आहे: कॅसेटींवरच्या गाण्यांसाठी जेलीफिन की नॅव्हिड्रोम?

जेलीफिन आणि नॅव्हिड्रोम, म्हणजे घरच्याच संगणकावरून गाणी ऐकवणारे मोफत सर्व्हर प्रोग्राम. बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या साधारण ११०० एमपीथ्री फाइली आहेत, बहुतेक घरगुती बैठकींच्या. माहिती सगळी फोल्डरच्या नावात, म्हणजे '१९८७ गणपती, यमन, तबल्यावर काका' अशी, टॅग (फाइलीच्या आतच साठवलेली गाण्याची, कलाकाराची माहिती) शून्य. जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, डेबियन लिनक्स. नॅव्हिड्रोम टाकून पाहिलं. हलकं आहे, पण ते टॅग वाचून यादी लावतं, त्यामुळे सगळं एकाच अनोळखी कलाकाराखाली. डेटाबेसवरून गाणी ओळखून टॅग भरणाऱ्या पिकार्ड या प्रोग्रामलाही काही ओळखता आलं नाही. आमच्या ओसरीतलं रेकॉर्डिंग डेटाबेसमध्ये कुठून असणार म्हणा! आई टीव्हीवर रिमोटने ऐकते, म्हणून जेलीफिनकडे कल आहे. सर्व्हर घराबाहेर उघडायचा नाही, महिन्याचे पैसेही नकोत. जेलीफिनमध्ये नुसत्या फोल्डरांवर भागतं का? नसेल, तर फोल्डरच्या नावांवरून देवनागरी टॅग एकगठ्ठा कशाने भरता येतील?