तुमच्या वाडीतला पहिला पडीक कुणगा कोणता?

गणपतीला राजापुराकडे घरी गेलो होतो. लहानपणी अंगणातून पार पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) सगळे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, दिसायचे. यंदा मेर (खाचराचा बांध) शोधायला कोयता घ्यावा लागला. जिकडेतिकडे रानमोडीचं तण, मधेच कुणाची तरी काजू. काका म्हणाले, "आधी वरचा एक पडला. मग पाणी कोण वळवणार म्हणून त्याच्या खालचा. मग सगळेच."

मजूर मिळत नाहीत, पोरं मुंबईला गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तो पहिला कुणगा हवाय. कुणाचा होता, आणि नंतर शेजाऱ्याचं काय झालं? आठवेल तसं लिहा.

पेणजवळून

आमची खारजमीन. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध आणि बांधाला उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी उघाडीच्या झडपेतून बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की भात लावायचं. बांधाची डागडुजी गावकीची, घरटी एक माणूस. 1979 चा खारभूमी कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेला आणि आमच्या गावात तरी 'आता सरकार बघेल' सुरू झालं.

मी कॉलेजात असताना बांधाला खांड (भगदाड) पडली. भेग ज्याच्या शेतासमोर होती तो ठाण्याला. तो गावात असता तर चार घमेली मातीत काम भागलं असतं. तिसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण आलं आणि एका रात्रीत सगळ्यांचीच शेतं खारी झाली. खारं पाणी काही बांधावरून हद्द विचारत नाही. अर्ज केले, तीन पावसाळे वाट पाहिली. तोवर तिवर आणि चिपी उगवली. आता ते कांदळवन, तोडायला बंदी, आणि बंदी योग्यच आहे. बहीण म्हणते, किती सुंदर दिसतं. दिसतं खरं.

गुहागर

सगळंच रडगाणं नको. आमच्या वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) नाचणी आणि वरी व्हायची. त्यासाठी आई ऐन-किंजळीच्या झाडांवर चढून कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडायची, डोक्यावरून भारे आणायची, उन्हाळ्यात ते रोपाच्या जागेवर जाळून राब भाजायची. 1990 ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान. बाबांनी वेंगुर्ल्याची काजू कलमं लावली, नाचणी गेली. तिचं दुःख आज पिठाची पाकिटं विकत घेणाऱ्यांना जास्त आहे, आईला अजिबात नाही.

एक मात्र झालं. कलमं खातील म्हणून गुरं मोकळी सोडणं बंद झालं, मग गुरंच गेली, शेण गेलं आणि खालच्या भातखाचरांत युरिया आला.

श्रीवर्धन

आमच्याकडे पहिला-दुसरा असं नव्हतंच. 3 जून 2020, निसर्ग वादळ. सुपारीच्या ज्या वाडीत दुपारीही ऊन जमिनीला लागत नव्हतं, तिथून संध्याकाळी समुद्र दिसला. सुपारी लावून हाती यायला पाच-सात वर्षं जातात. काहींनी पुन्हा लावली, काहींनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. मी अर्धं-अर्धं केलं. हिशेब खोल्यांचा बरा आहे.

दोडामार्ग

वायंगणी (पावसाळ्यानंतरचं) भात व्हायचं. पाऊस सरला की व्हाळाला (ओढ्याला) बांध घालून पाटाने पाणी, पाळी ठरलेली. दहा जण होते तोवर राखणीच्या रात्री वाटून जायच्या. चौघे उरले आणि गवे आले. बाजूच्या डोंगरावर आता रबर आहे. बाबा म्हणतात, "गव्यांका रबर नको, आमचा भातच होया."

डोंबिवलीहून

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आमचाच. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा वाटलं होतं, आता लावणीला जाणं सोपं. गणपतीला आणि शिमग्याला सोपं झालं. लावणीला रजा कोण देतो? अर्धेलीने (निम्म्या पिकाच्या वाट्याने) कसायला द्यायला वडील तयार नव्हते, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. (गंमत म्हणजे 1957 ला आम्हीच कूळ होतो आणि कूळ कायद्याने मालक झालो.) आता सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत.

शेजारच्या काकूंनी दोन वर्षं आमच्या मेरेवरची झुडपं स्वतः तोडली, आम्हाला एका शब्दाने न सांगता. तिसऱ्या वर्षी त्यांनीही भात लावलं नाही. डुकरं आमच्या रानात बसून रात्री त्यांच्या भातात उतरत होती, हे मला गेल्या वर्षी कळलं.

संगमेश्वर

यंदा आम्ही सहा घरांनी वेगळं केलं. प्रत्येकाने आपापले विखुरलेले दोन-दोन कुणगे करायचे सोडून खालच्या मळ्यात सलग लावणी. पॉवर टिलर भाड्याने, कुंपण एकच, राखण वाटून. वरचं सगळं सोडलं, त्याचं वाईट वाटतं. एका मालकाने नाही म्हटलं. त्याचा तुकडा नेमका मधोमध, आणि डुकरं तिथेच लपतात. दसऱ्याला तो गावी येतोय, तेव्हा सगळे मिळून त्याच्या घरी जाणार आहोत.