कादंबरी मावत नाही म्हणून सोडायची?

काही जण म्हणतात की कादंबरीतलं सगळं रंगमंचावर मावत नाही, म्हणून तिला हातच लावू नये. मला नाही पटत. सगळं मावायला हवंय कशाला? गोव्यात हडफड्याला जन्मलेले लेखक जयवंत दळवीच घ्या. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून त्यांनी ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिलं. वाडा, त्यातली चार माणसं, विधवेचं केशवपन; नाटकाला तेवढं पुरलं. आणि त्यांच्या ‘महानंदा’ कादंबरीवरून ‘गुंतता हृदय हे’ नाटक केलं ते शं. ना. नवऱ्यांनी. म्हणजे मूळ लेखकानेच रूपांतर करावं असंही काही नाही.

आमच्याकडे नाट्यस्पर्धांत घोळ होतो तो वेगळाच. कादंबरीतले प्रसंग गाळवत नाहीत, म्हणून दर पाच मिनिटांनी काळोख. त्या काळोखात खाट सरकवल्याचा आवाज, कुणीतरी ठेचकाळतो, आणि विंगेतून निवेदक कादंबरीतले परिच्छेद वाचत सुटतो! (आवाज बहुधा दिग्दर्शकाचाच.) पात्राच्या मनातलं असं वाचून कशाला दाखवायचं? बाई बोलता बोलता थांबली, हातातला तांब्या तसाच राहिला, तरी प्रेक्षकाला कळतं. जत्रेतल्या नाटकाला मध्यरात्रीपर्यंत बसणारा आमचा प्रेक्षक एवढा अडाणी नाही हो.